पाचशे बाराचा फोर्क

करमळकर सरांनी आयुष्यात कुणा विद्यार्थ्यावर हात उगारला नाही. छडी नाही, डस्टर फेकणं नाही, कान पिळणं नाही. आवाजसुद्धा कधी चढवला नाही. तरी परळच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजातून रडत बाहेर पडलेल्या मुलांची कुणी मोजदाद केली असती, तर त्यातली निम्मी फिजिक्सच्या लॅबमधून निघालेली सापडली असती. मी त्या लॅबची सहायक. बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. नळ्या धुतल्या, स्टँड मांडले, प्रॅक्टिकलच्या आधी मुलांचे मोबाइल डब्यात गोळा केले आणि रडणाऱ्यांना पाणी दिलं. त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार मला आहे असं मी समजते. ज्याला पटत नसेल त्याने बावीस वर्षं काढून दाखवावीत.

सर राहायला गिरगावात, एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, एकटेच. लग्न होऊन मोडलं होतं की झालंच नव्हतं, यावर स्टाफरूममध्ये दोन तट होते. विचारायची छाती कुणाची नव्हती. बारा महिने पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट, कारण चामडी बुटांचा आवाज त्यांना सहन व्हायचा नाही. कान फार तिखट. कँटीनमध्ये चहा आला की आधी नखाने ग्लासावर टिचकी मारायचे. आवाज बद्द आला की ग्लास परत. "तडा आहे," एवढंच म्हणायचे, आणि तडा असायचाच. एकदा मी लॅबमध्ये शिरले तर पाठमोरे असतानाच म्हणाले, "पेडणेकर, तुमच्या डाव्या चपलेचा अंगठा सुटतोय." मी वाकून पाहिलं, चप्पल चांगली शाबूत. दुसऱ्या दिवशी लालबागच्या नाक्यावर अंगठा तुटला आणि मी एक चप्पल हातात घेऊन घरी गेले.

शिकवायचे मात्र असे, की मी कारकुनीची कामं तशीच टाकून ऐकत उभी राहायचे. लाटा आणि अनुनाद हा त्यांचा लाडका धडा. टेबलावर एक उभी काचेची नळी, तिला खालून रबरी नळीने जोडलेला पाण्याचा डबा. डबा खाली घेतला की काचेतलं पाणी उतरतं आणि वरचा हवेचा खांब लांब होत जातो. सर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे तो दोन दांड्यांचा पोलादी चिमटा, आपल्याच गुडघ्यावर हलकेच आपटायचे आणि नळीच्या तोंडावर धरायचे. डासाएवढं गुणगुणणं, तेही पुढच्या बाकालाच ऐकू येणारं. मी डबा सावकाश खाली घ्यायचे. सोळा सेंटिमीटरच्या आसपास नळी एकदम बोलायला लागायची. त्याच चिमुकल्या फोर्कचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत भरून जायचा. पाणी आणखी थोडं उतरलं की पुन्हा गप्प.

"जादू नाही ही," सर म्हणायचे. "आवाज खाली जातो, पाण्यावर आपटून वर येतो. जाणारा आणि येणारा बरोबर जुळले की लाट तिथंच उभी राहते. पुढे सरकत नाही, जागच्या जागी थरथरते. पाण्यापाशी मुकी, तोंडापाशी वेडी. पाठ करू नका. कान द्या."

मग कॉरिडॉरमध्ये दोघांच्या हातात लांब दोरी देऊन हलवायला लावायचे. सुरुवातीला नुसता गोंधळ. हात ठरावीक वेगात आला की दोरीला एक मोठं पोट सुटायचं, वेग दुप्पट केला की दोन पोटं आणि मधोमध एक न हलणारी जागा. त्या जागेवर सर दोन बोटांत दोरी धरून दाखवायचे आणि दोन्ही बाजूंची पोटं तशीच नाचत राहायची. मुलांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. खोटं कशाला बोलू, अशा वेळी मला त्या माणसाचा अभिमान वाटायचा.

अभिमान फार टिकत नसे. पंख्याच्या हुकाला एक पाच किलोचा लोखंडी गोळा टांगलेला होता. सर त्याच्यावर नुसती फुंकर मारायचे. गोळा हलला न हलला. परत आला की दुसरी फुंकर, परत आला की तिसरी. दहा मिनिटांत तो गोळा असा झोके घ्यायला लागायचा, की पुढच्या बाकावरच्या मुली मागे सरायच्या. "जोर लागत नाही," सर म्हणायचे, "वेळ साधावी लागते." हा प्रयोग त्यांनी माणसावरही केला. वडाळ्याहून चव्हाण नावाचा एक मुलगा यायचा, बोलताना अडखळणारा. पहिल्या दिवशी हजेरीला त्याचं 'येस सर' अडकलं. दुसऱ्या दिवसापासून सर त्याच्या नंबरपाशी आले की थांबायचे, चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "आज तरी?" एवढंच, दोन शब्द. पहिल्या आठवड्यात वर्ग हसला. दुसऱ्यात त्या मुलाचे हात पाच नंबर आधीपासूनच कापायला लागले. महिना होता होता एका सकाळी त्याने हजेरीला तोंडच उघडलं नाही, दप्तर उचललं, बाकाला लाथ मारली आणि निघून गेला. तो परत कॉलेजात आला नाही.

सरांनी हजेरीचं पुस्तक मिटलं आणि वरच्या गोळ्याकडे बोट दाखवलं. "सव्वीस फुंकरा," म्हणाले.

मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर झाले. कुणाला काही सांगितलं नाही, सांगून तरी कुणाला सांगणार होते.

आता त्या फोर्कबद्दल. आमच्याकडे जर्नल वारशाने मिळतं. लालबाग-परळच्या कुठल्याही इमारतीत विचारा, दादाचं जर्नल ताईला, ताईचं शेजारच्याला, आणि आता तर मोबाइलवर फोटोच फिरतात. मुलं प्रयोगाला उभी राहायची, नळीशी दोन मिनिटं खेळायची, मग जुन्या जर्नलातलं रीडिंग उतरवायची. लांबी सोळा पॉइंट एक, आवाजाचा वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आत-बाहेर, उत्तर बरोबर, सही करा. सगळ्या मुंबईत असंच चालतं आणि कुणाचं काही अडत नाही. करमळकर सरांचं अडायचं. त्यांना ते अंगाला खाजकुयली लागल्यासारखं व्हायचं.

मी नोकरीला लागले त्याच्या चौथ्या की पाचव्या वर्षी त्यांनी माझ्याकडून कानस मागून घेतली. पाचशे बारा, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, असा आकडा कोरलेला एक फोर्क शिकंज्यात धरला आणि दांड्यांच्या मुळाशी दुपारभर घासत बसले. मुळाशी धातू कमी झाला की फोर्क सैल पडतो, सावकाश हलतो. आकडा पाचशे बाराच, पण फोर्क खरं तर चारशे सत्तरचा झाला. घासलेल्या जागेवर काळा रंग दिला. हा फोर्क घेऊन प्रामाणिकपणे नळीशी उभं राहिलं तर आवाज सोळा पॉइंट एकला नव्हे, साडेसतराच्या पुढे फुगतो आणि उत्तर तीनशे ऐंशीच्या घरात जातं. म्हणजे ज्याचं उत्तर बरोबर, त्याने रीडिंग घेतलेलंच नाही.

दर वर्षी हा फोर्क एकेका बॅचला फिरायचा. मग एके सकाळी सर वर्गात जर्नलं घेऊन उभे राहायचे आणि एकेक रीडिंग मोठ्याने वाचायचे. "सोळा पॉइंट एक. देसाई, हे तुमचं की दादाचं?" "सोळा पॉइंट एक. कदम, तुमच्या बिल्डिंगीत एकच माणूस शिकला का हो?" नंतर फोर्कचं गुपित सांगायचे आणि सगळ्यांना शपथेवर गप्प ठेवायचे. आश्चर्य असं की मुलं गप्प राहायची. आपण फसलो तसे पुढचेही फसावेत, यात त्यांनाही मजा वाटत असावी. बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी तो फोर्क सरांच्या खणात कुलपात जायचा. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही, त्या एका वर्षापर्यंत.

त्या वर्षी स्नेहल तोरसकर आली. वरळीच्या बीडीडी चाळीतली. आजोबा गिरणीत होते, वडील लोअर परळच्या एका टॉवरमध्ये लिफ्टमन. काळी, किडकिडीत, वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी. फोर्कची पाळी आली तेव्हा तिने जर्नलात लिहिलं, सतरा पॉइंट सहा.

सरांनी पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही. "परत," म्हणाले.

तिने परत घेतलं. सतरा पॉइंट सहा.

"परत. कान साफ करून ये."

पोरं हसली. तिसऱ्यांदा सतरा पॉइंट सहा आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तोरसकर, वरळीला हवा वेगळी असते का? समुद्राची?" चौथ्यांदा म्हणाले, "घरी कुणी बहिरं आहे का?" मी तिथे स्टँड पुसत होते. मला ठाऊक होतं की मुलगी बरोबर आहे आणि सरांना तर ठाऊक होतंच. तिचे कान लाल झाले होते, डोळे भरले होते, पण लिहिताना पेन्सिल काही हलली नाही. बाकीची बॅच गेली, ती तिथेच. मला हळूच म्हणाली, "मॅडम, पेटीतले बाकीचे फोर्क द्याल?"

मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी पेटी दिली.

दीडेक तास ती एकेक फोर्क घेऊन पाणी वरखाली करत होती. मग सरांपुढे कागद ठेवला. "सर, हे पाच फोर्क घेतले तर वेग साडेतीनशेच्या आसपास येतो. ह्याच एकाने तीनशे ऐंशी येतो. हवा तीच, नळी तीच. एका फोर्कसाठी आवाज काय जोरात पळणार नाही. ह्याच्यावरचा नंबर चुकीचा आहे."

सरांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "जा, उशीर झाला," एवढंच म्हणाले. शाबासकी नाही, काही नाही. ती गेल्यावर मात्र खुर्चीत बसले आणि चष्मा काढून डोळे पुसले. मी त्यांना बावीस वर्षांत तेवढं एकदाच तसं पाहिलं. "पेडणेकर," म्हणाले, "मला वाटायला लागलं होतं की असं मूल जन्मालाच येत नाही."

त्यानंतर सर बदलले म्हणजे फक्त स्नेहलपुरते बदलले. बाकीच्यांची चामडी पूर्वीसारखीच सोलली जात होती. तिला पुस्तकं आणून द्यायचे, शनिवारी लॅब उघडी ठेवायचे. तिने बी.एस्सी.ला फिजिक्स घ्यायचं आणि तेही समुद्राकाठच्या एका जुन्या कॉलेजात, जिथे सर स्वतः शिकले होते, हे त्यांनीच ठरवून टाकलं. तिलाही दुसरं काही नको होतं. ती एकदा मला म्हणाली होती, "मॅडम, तिथे खोलीभर लांब नळी आहे म्हणे. सर सांगत होते." अडचण वडिलांची होती. त्यांच्या मेव्हण्याने रक्त-लघवी तपासायच्या कोर्सला ओळख काढून ठेवली होती, बारावी झाली की लगेच.

सर एका रविवारी वरळीला गेले. चाळ कुठे ते ठाऊक नव्हतं म्हणून मला बरोबर घेतलं. एका खोलीत पाच माणसं, त्यात आम्ही दोन. सर कॉटच्या कडेवर ताठ बसले. वडील समोर उभेच.

"तोरसकर, ह्या मुलीला फिजिक्सला घाला. मी जबाबदार."

वडिलांनी हात जोडले. "सर, आमका ह्यातला काय एक कळत नाय. तुमी आमच्या खोलीत इलास, तुमका नाय कसा म्हणू. पण एकच कॉलेज, तुमी म्हणतास ता. थंय लागली तर शिकवतंय. नाय लागली तर मेवण्याचो कोर्स. माका दोन पोरां आसत अजून."

"लागेल," सर म्हणाले.

त्या कॉलेजाची यादी बोर्डाच्या टक्क्यांवर लागते. स्नेहल अभ्यासात चांगली, पण पहिल्या दहांतली नव्हे. काठावर होती. एकेक मार्क मोजून पदरात घ्यायचा होता आणि प्रॅक्टिकलचे तीस तर हातचेच, कारण ते कुणाचेच कापले जात नाहीत.

आता माझी चूक सांगते. स्नेहलने फोर्क पकडला त्यानंतर सरांनी तो पुन्हा कुणाला दिला नाही. "त्याचं काम झालं," म्हणाले आणि स्वतःच्या हाताने पेटीत, बाकीच्या फोर्कांच्या रांगेत ठेवून दिला. मी पाहिलं होतं. बोर्डाच्या सकाळी सात टेबलं मांडायची होती, एक फोर्क कमी पडला, मी पेटीतून पाचशे बारा आकडा बघून उचलला आणि मांडला. दर वर्षी खोटा फोर्क कुलपात असायचा, तपासायची सवयच नव्हती. सरांनी टेबलांवरून नजर फिरवली, त्यांनीही तपासलं नाही.

मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या. स्नेहलला नळीचा प्रयोग आला. तिचा चेहरा उजळला, मी बघितलं. वीस मिनिटांनी तो उतरला, तेही बघितलं. तिला कळलं होतं. दुसरा फोर्क मागायला ती बाहेरच्या परीक्षकांकडे गेली, पण परीक्षेत उपकरण बदलून मिळत नाही असं त्यांनी तिला सांगितलं. तेव्हा ती जागेवर जाऊन बसली आणि जे आलं ते लिहिलं. खाली एक ओळ लिहिली, फोर्कवरचा आकडा बरोबर नसावा.

परीक्षक घाईत होते, पण दुष्ट नव्हते. पेपर बघून हसले. "बेटा, साउंड तीनशे ऐंशीने? कुठल्या ग्रहावर?"

"सर, फोर्कचा नंबर चुकीचा आहे. हा चारशे सत्तरच्या आसपास असेल."

परीक्षकांनी मान वळवली. "करमळकर सर, ही म्हणतेय तुमच्या लॅबमधला फोर्क खोटा आहे. बोर्डाच्या परीक्षेत खोटा फोर्क मांडलाय, असं रिपोर्टमध्ये लिहू?" ते थट्टेनेच बोलले होते.

स्नेहल सरांकडे बघत होती. घाबरलेली वगैरे नव्हती. आता सर सांगतील आणि संपेल, असा तिचा चेहरा होता. सरांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मुद्दाम बिघडवलेलं उपकरण परीक्षेला आलं, हे कबूल केलं असतं तर चौकशी होती, सगळ्या बॅचची परीक्षा अडकली असती, सरांचं नाव गेलं असतं. हे सगळं मी नंतर पुष्कळ वेळा मनात मांडून पाहिलंय. त्यांच्या बाजूने बोलायचं तर एवढंच आहे.

"आमच्या लॅबचे सगळे फोर्क तपासलेले आहेत," सर म्हणाले.

स्नेहलने मग माझ्याकडे पाहिलं. फोर्क मी मांडला होता. मी लॅबच्या मोरीकडे वळले आणि एक धुतलेली नळी पुन्हा धुवायला घेतली.

परीक्षकांना तिची दया आली असावी. "अजून वेळ आहे. नीट रीडिंग घे," म्हणाले. याचा अर्थ सगळ्या मुंबईत एकच होतो. सोळा पॉइंट एक लिही आणि सुटका करून घे. शेजारच्या टेबलावरच्या मुलानेही तिला बोटांनी एक आणि सहा दाखवले. ती परत नळीशी गेली, पाणी वर घेतलं, खाली घेतलं, कान लावला. आणि पुन्हा सतरा पॉइंट सहा लिहून पेपर ठेवून निघून गेली. माझ्याकडून मोबाइल घेताना तिने मान वर केली नाही.

तीसपैकी चौदा. सर त्या संध्याकाळी मला म्हणाले, "टेबल तुम्ही मांडलंत, पेडणेकर." मी म्हणाले, "पेटीत तुम्ही ठेवलात." त्यापुढे आम्ही या विषयावर कधी बोललो नाही. दोघांचंही तोंड एकमेकांच्या हातात होतं.

निकाल लागला. यादी लागली, दुसरी लागली, तिसरी लागली. तिसऱ्या यादीत तिचं नाव अर्ध्या टक्क्याने हुकलं. ते सोळा मार्क असते तर ती पहिल्याच यादीत बसली असती, हा हिशेब सरांनी केलेला मी पाहिला. फळ्याच्या कोपऱ्यात खडूने केला होता आणि पुसला होता, पण नीट पुसला नव्हता.

तिचे वडील आले ते त्यानंतरच्या सोमवारी. ड्यूटीचा निळा युनिफॉर्म अंगावर, हातात नारळ. मला वाटलं, हा माणूस आता सरांच्या डोक्यात नारळ घालणार, आणि खरं सांगते, मी मधे पडले नसते. ते दाराशीच चपला काढून आत आले आणि नारळ टेबलावर ठेवला.

"सर, माझ्या चेडवान तुमचा नाव घालवल्यान. तुमी आमच्या खोलीत येऊन सांगितलास, आनि तिना परीक्षेत काय तरी भलताच लिवल्यान. वर तुमचा फोर्क खोटो म्हनून सांगितल्यान म्हणे त्या सायबांक. मी तिका लय बोललंय. तुमी मनात धरू नका."

खोलीत आम्ही तिघंच. परीक्षक नव्हते, बोर्ड नव्हतं, कुणी लिहून घेणार नव्हतं. सरांनी इथे खरं सांगितलं असतं आणि या बापाने घरी जाऊन मुलीला एवढं सांगितलं असतं की बाय, तू बरोबर होतीस, तरी पुरलं असतं. कॉलेज गेलं होतं, निदान तेवढं तिला मिळालं असतं.

"होतं असं," सर म्हणाले. "मुलं आहेत. मी मनात ठेवलेलं नाही."

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वाकून सरांच्या पायाला हात लावला. सरांनी पाय मागे घेतले नाहीत. तो नारळ दोन दिवस तिथेच पडून होता, मग मी शिपायाला देऊन टाकला. माझ्या घरात तो फोडायची माझी हिंमत नव्हती.

चौदा महिन्यांनी सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात प्राचार्यांनी त्यांना सत्यनिष्ठ शिक्षक म्हटलं. सरांनी मान तुकवून शाल घेतली आणि लाटांवर दहा मिनिटं असं सुंदर बोलले, की कॉमर्सचे शिक्षकसुद्धा हातातलं फरसाण खायचं विसरले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. सकाळी फोन आला, "पेडणेकर, डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितलीय. परळला ते सेंटर आहे म्हणे, मला सापडणार नाही. याल?" माणूस एकटा, मी गेले. खूप वाळले होते. बुशशर्ट खांद्यावरून ओघळत होता. नाक्यावर भेटलो तर म्हणाले, चहा घेऊ. मी म्हटलं, "सर, उपाशीपोटी जायचं असतं." म्हणाले, "अर्धा कप. त्याने काय होतंय." दोन चमचे साखर घालून अर्धा नव्हे, पूर्ण कप प्यायले.

सेंटरच्या काउंटरवर स्नेहल होती.

मी ओळखलं आणि जागीच थांबले. तिनेही आम्हाला ओळखलं होतं. जरा भरली होती अंगाने, केस घट्ट बांधलेले, छातीवर नावाची पट्टी. "या सर," म्हणाली, "बसा. मॅडम, तुम्ही पण." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिने फॉर्म पुढे ओढला, नाव विचारलं नाही, स्वतःच लिहिलं. वय विचारलं. पत्ता विचारला.

सर तिच्याकडे बघत होते. ओठ दोनदा हलले. मला वाटलं, आता बोलतील. इतकी वर्षं घशात ठेवलेलं आता बाहेर येईल, या काउंटरवर, रांगेतल्या चार माणसांदेखत.

"तोरसकर," सर म्हणाले, "तेव्हा तू रीडिंग बदलायला हवं होतंस. दीड सेंटिमीटरचा तर प्रश्न होता."

स्नेहलचं पेन थांबलं. क्षणभरच. "हो सर," ती म्हणाली. "बाकीच्या सगळ्यांना ते माहीत होतं."

मग तिने फॉर्मवरचा पुढचा प्रश्न वाचला. "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं आहे का? चहा घेतला असेल तरी सांगा सर. आकडा चुकीचा येतो, मग डॉक्टर औषध चुकीचं देतात."

"नाही," सर म्हणाले. "काही नाही."

त्यांच्या ओठाला चहाची साय चिकटलेली होती. स्नेहलने ती पाहिली. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघत राहिली.

"उपाशीच आहेत," मी म्हणाले.

तिने फॉर्मवर तसं लिहिलं, खाली सही केली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.